करवीरचे दीर्घवासी परदेशी



वसंत व्याख्यानमालेत दरवर्षी एखादे पुष्प तरी इतिहासाचे असावे असा आपल्याकडे प्रघात आहे. इतिहास म्हटला की करवीरच्या श्रोत्यांपुढे पन्हाळा उभा राहतो, ताराराणी उभी राहते, शाहू छत्रपती उभे राहतात. आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या माणसांनी येथे तलवार चालविली नाही, राज्य केले नाही, ज्यांचा जन्म सातासमुद्रापलीकडे झाला आणि तरीही ज्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे या पंचगंगेच्या नि कृष्णेच्या काठी गेली, अशांचा इतिहास आपण क्वचितच चाळतो. कोल्हापुरात वाइल्डर मेमोरियल चर्च आहे, एस्तेर पॅटन यांच्या नावाची शाळा आहे. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. ही नावे आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की ती माणसांची नावे आहेत हेच विसरून जातो. आज त्या माणसांविषयी बोलावयाचे आहे.

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, हे लोक धर्म बुडवायला आले. शाळा आणि दवाखाने हे त्यांचे गळ होते. दुसरा म्हणतो, ते देवमाणूस होते. त्यांनी शिकविले नसते तर आपण अंधारात राहिलो असतो. दोघांचेही म्हणणे सोपे आहे, आणि इतिहासात सोपे उत्तर बहुधा अपुरे असते. मी आज एक निराळी फूटपट्टी वापरू इच्छितो. ती म्हणजे वास्तव्याच्या कालाची. जो माणूस दोन-चार वर्षे येऊन जातो तो आपले मत घेऊन येतो नि तेच घेऊन परत जातो. जो तीस-चाळीस वर्षे राहतो त्याला येथील भाषा बोलावी लागते, येथील पावसाळे काढावे लागतात, येथील मातीत आपली माणसे पुरावी लागतात. अशा माणसाने आपल्याला किती बदलले याबरोबर आपण त्याला किती बदलले हेही विचारता येते.

महाराष्ट्रात अशा दीर्घवासी परदेशीयांची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि 1619 साली तेथेच मरण पावला. चाळीस वर्षांच्या त्या वास्तव्याचे फळ म्हणजे 1616 साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’. ख्रिस्ताची कथा सांगावयाची तर ती ओवीतून सांगितली पाहिजे, हे त्यास साष्टीच्या लोकांत राहून कळले. विल्यम कॅरे 1793 साली बंगालात उतरला तो 1834 साली मरेपर्यंत मायदेशी परत गेला नाही. श्रीरामपूरच्या त्याच्या छापखान्यातून 1805 साली मराठीचे व्याकरण निघाले, 1810 साली कोश निघाला, 1811 साली मराठी ‘नवा करार’ निघाला. या कामी त्याच्या शेजारी वैजनाथ पंडित बसलेले होते, हे विसरू नये. परदेशी पाद्र्याच्या बहुतेक ग्रंथांमागे असा एखादा देशी पंडित आहे, आणि ग्रंथावर त्याचे नाव बहुधा नाही.

अमेरिकन लोक मुंबईत आले ते 1813 साली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट या दोघांना कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला होता. आपल्याकडे अशी समजूत आहे की इंग्रज राज्य आणि मिशन हे एकाच नाण्याचे दोन छाप. आरंभी तसे नव्हते. रयतेच्या धर्मात हात घातला तर व्यापार नि राज्य दोन्ही धोक्यात येईल ही भीती कंपनीस होती. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांच्याकडे विनवण्या करून हे दोघे कसेबसे टिकले, आणि त्याच साली पार्लमेंटने सनदेत फेरफार करून मिशनऱ्यांची वाट मोकळी केली. हॉल तेरा वर्षे राबला. 1826 साली नाशिकच्या बाजूस प्रवासात असता पटकीने त्याचा अंत झाला. वय अवघे एकेचाळीस. त्याच्यानंतर एका वर्षाने सिंथिया फेरार ही अविवाहित शिक्षिका आली. मुंबईत आणि पुढे अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवीत तिने सुमारे पस्तीस वर्षे घालविली आणि 1862 साली ती अहमदनगरासच वारली. तिची शाळा पाहून आपल्या मनात मुलींच्या शाळेचा विचार आला, असे जोतीराव फुले यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी जे घेतले ते आपल्या हेतूसाठी घेतले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे कोल्हापूरच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

आता करवीरकडे वळू. रॉयल गूल्ड वाइल्डर यांचा जन्म 1816 साली अमेरिकेतील व्हरमॉंट संस्थानातील ब्रिडपोर्ट गावी झाला. कॉलेजचे नि धर्मशास्त्राचे शिक्षण आटोपून, विवाह करून, 1846 साली पत्नी एलायझासह ते जहाजात बसले. सुएझचा कालवा तेव्हा झाला नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने प्रवास करावा लागे. सहा वर्षे अहमदनगरास काढून 1852 साली ते कोल्हापुरास आले. अंतर शंभर कोसांहून अधिक. वाहन म्हणजे बैलगाडी नि घोडा.

त्या वेळचे कोल्हापूर कसे होते? 1844 साली गडकऱ्यांचा उठाव होऊन गेला होता. सामानगड, भुदरगड येथे तोफा झडल्या होत्या. गादीवर बाबासाहेब महाराज होते, पण कारभारावर इंग्रज पोलिटिकल सुपरिंटेंडेंटाची देखरेख होती. पराभवाची जखम ओली असलेल्या अशा शहरात गोरा पाद्री बंगला बांधून राहतो, बाजारात उभा राहून देवदेवतांवर टीका करतो, हे लोकांस गोड वाटणे शक्यच नव्हते. अंबाबाईच्या या नगरीत प्रतिष्ठित लोकांनी त्यांना विरोध केला, यात नवल नाही. नवल हे की वाइल्डर गेले नाहीत. 1857 साली प्रकृती ढासळल्याने ते अमेरिकेस परतले. त्याच साली 31 जुलैच्या रात्री कोल्हापुरातील सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले आणि डिसेंबरात चिमासाहेबांच्या नावाभोवती दुसरा उठाव झाला. एवढे रामायण घडून गेल्यावर 1861 साली वाइल्डर पुन्हा कोल्हापुरात हजर झाले.

या परत येण्यामागे एक वाद आहे. तो वाद आपल्याला आजही विचार करावयास लावील असा आहे.

वाइल्डर यांना पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे 1854-55 साली हिंदुस्थानच्या पाहणीस आले. त्यांचा सिद्धांत असा : मिशनने परक्या पैशाने आणि परक्या भाषेने शाळा चालवू नयेत, लोकांच्या भाषेत उपदेश करावा, देशी मंडळ्या उभ्या कराव्यात, त्यांना देशी पाळक द्यावेत, त्या मंडळ्यांनी आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार स्वतः करावा, आणि गोऱ्या माणसाने पुढे निघून जावे. ऐकावयास हा सिद्धांत फार स्वदेशी वाटतो. परंतु त्याचा तात्कालिक परिणाम असा की शाळांवर कात्री चालली. वाइल्डर यांना हे मान्य नव्हते. ज्या शाळेत अख्रिस्ती मुले बसतात ती शाळा व्यर्थ आहे असे ते मानीत नव्हते. त्यांनी 1861 साली ‘हिंदुस्थानातील मिशन शाळा’ या विषयावर एक ग्रंथच इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि आपल्याच बोर्डाच्या धोरणास उघड विरोध केला. बोर्डाचा आश्रय सुटला. तेव्हा हा गृहस्थ कोणत्याही संस्थेचे पाठबळ न घेता, मित्रमंडळींच्या देणग्यांवर, स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापुरास आला आणि पुढे 1870 साली प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत तसाच राहिला.

कोण बरोबर होते, अँडरसन की वाइल्डर? तत्त्वाने पाहिले तर अँडरसन दूरदर्शी ठरतात. परदेशी पैशावर वाढलेली संस्था पुढे आपल्या पायांवर उभी राहताना किती धडपडते हे महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांनी पुरेपूर अनुभवले आहे. परंतु कोल्हापूरच्या वर्गात बसलेल्या पोरापोरींच्या दृष्टीने पाहिले तर वाइल्डर बरोबर होते. अँडरसन यांनी दौरा करून धोरण ठरविले. वाइल्डर यांनी येथे राहून ठरविले. दीर्घ वास्तव्याने माणूस बदलतो असे मी आरंभी म्हणालो, त्याचे हे उदाहरण. धर्मांतर हाच ज्याचा घोषित हेतू, तो माणूस ज्यांचे धर्मांतर होणार नाही हे दिसत होते अशा मुलांच्या शाळेसाठी आपल्या वरिष्ठांशी भांडला.

त्यांच्या कामाचे आकडे चरित्रकारांनी दिले आहेत. तीस वर्षांत तीन हजारांहून अधिक गावांत उपदेश, तीस लाखांहून अधिक छापील पानांचे वाटप, शाळांत आणलेली 3,300 मुले, त्यांपैकी 300 मुली. बायबलच्या मराठी भाषांतराच्या नि सुधारणेच्या समित्यांवर ते होते. तीन शुभवर्तमानांवर त्यांनी मराठीत टीकाग्रंथ लिहिले. या आकड्यांशेजारी बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आकडा ठेवला तर तो अगदीच लहान दिसतो. तीन हजार गावे ऐकून घेतात आणि जवळजवळ सारी पूर्ववत आपल्या दैवतांकडे वळतात! व्यापाराच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. पण 300 मुलींचा आकडा क्षणभर मनात धरावा. गेल्या शतकाच्या नव्हे, त्याच्याही मागील शतकाच्या मध्यावर, ज्या घरांत मुलीच्या हाती पाटी देणे म्हणजे वैधव्याला आमंत्रण समजले जाई, त्या काळातल्या या तीनशे मुली आहेत.

वाइल्डर 1875 साली परतले, ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक त्यांनी 1878 साली काढले आणि 1887 साली त्यांचा अंत झाला. पण कोल्हापूरशी त्या घराचा संबंध तुटला नाही. पती वारल्यावर एलायझाबाई मुलगी ग्रेस हिच्यासह पुन्हा याच मुलखात आल्या आणि पुढे तेव्हाच्या इस्लामपुरात, खेड्यापाड्यांच्या बायकांत त्यांनी काम केले. ज्या वयात माणूस नातवंडांत रमतो त्या वयात ही बाई कृष्णाकाठी परत येते, याचा अर्थ घर हा शब्द तिच्या मनात कोठे रुजला होता हे सांगावयास नको.

त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म 1863 साली या कोल्हापुरातच झाला. पुढे प्रिन्स्टनला शिकत असता त्याने नि ग्रेसने मिळून एक संकल्प केला, आणि 1886 साली मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी मेळाव्यात त्याच्या प्रेरणेने शंभर तरुणांनी परदेशी जाण्याची प्रतिज्ञा केली. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही चळवळ उभी राहिली. पुढील काही दशकांत वीस हजारांवर तरुण-तरुणी तिच्यामार्फत चीन, जपान, आफ्रिका, हिंदुस्थान असे जगभर पांगले. चांगले की वाईट हे ज्याने त्याने ठरवावे. पण जगाच्या इतिहासातील एका मोठ्या हालचालीचे मूळ कोल्हापुरात जन्मलेल्या एका पोराच्या हट्टात आहे, हे आपल्या शहराच्या इतिहासात लिहून ठेवावयास हरकत नसावी.

आता थोडे थांबून दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकू. मिशनऱ्यांवरील रोष हा केवळ अडाण्यांचा आंधळा राग होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या पुराणांची टिंगल केली, मूर्तींची निंदा केली, आणि मायदेशी वर्गणी जमावी म्हणून आपल्या समाजाचे चित्र शक्य तितके काळे रंगविले. ज्याला मदत करावयाची त्याला आधी दीन म्हणून दाखवावयाचे, हा प्रकार स्वाभिमानी माणसाला झोंबणारच. मोरभट दांडेकरांनी 1831 साली डॉ. जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला. 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना सवाल-जबाब केले. या वादांतून आपण आपल्या धर्माकडे नव्याने पाहावयास शिकलो. प्रार्थना समाज 1867 साली निघाला, सत्यशोधक समाज 1873 साली निघाला. आघात झाला म्हणून जाग आली, हे खरे. पण जागे होणारे आपण होतो, हेही तितकेच खरे.

वाइल्डर यांचे शस्त्र वाणी आणि पुस्तक हे होते. त्यांच्यानंतरच्या पिढीने हाती शस्त्रवैद्याची सुरी घेतली, आणि लोकांची वृत्ती पालटली. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्कला वैद्यकीची पदवी घेऊन 1889 साली ते पत्नी मेरी हिच्यासह हिंदुस्थानात आले. मेरीबाई परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. सांगलीस एका लहानशा दवाखान्याने आरंभ झाला. 1892 साली त्यांनी आपला मुक्काम मिरजेस हलविला आणि 1894 साली तेथे इस्पितळ उघडले. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाचे आगगाडीची इंजिने बनविणारे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांनी दिला, आणि जागा मिरजेच्या पटवर्धन अधिपतींकडून मिळाली. आपले शाहू महाराज गादीवर बसले तेही 1894 सालीच.

मिरजच का? याचे उत्तर आगगाडीत आहे. पुण्याहून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेला होता आणि 1891 साली तेथून कोल्हापूरला फाटा निघाला. रोगी सोलापूरच्या बाजूने येवो, कर्नाटकातून येवो की कोकणातून घाट चढून येवो, मिरज सर्वांच्या वाटेवर. इंजिनाच्या कारखानदाराने बांधलेले इस्पितळ आगगाडीनेच भरभराटीस आणावे, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.

वानलेस यांचा लौकिक प्रथम झाला तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने. कारण उघड आहे. ताप उतरला तर तो औषधाने उतरला की नवसाने, याविषयी दोन मते होऊ शकतात. परंतु वर्षानुवर्षे आंधळा झालेला म्हातारा नातवाचा हात धरून जातो, डोळ्यातील गढूळ झालेले भिंग वैद्य काढून टाकतो, काही दिवसांनी पट्टी सुटते आणि तोच म्हातारा आपल्या पायांनी गावात शिरून माणसे ओळखू लागतो. येथे वादाला जागाच उरत नाही. एक म्हातारा बरा झाला की त्या गावचे चार रोगी गाडीत बसत. वर्तमानपत्रे न वाचणाऱ्या मुलखात मिरजेचे नाव असे गावोगाव गेले.

या इस्पितळाच्या दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली ही की श्रीमंत रोग्यांकडून फी घ्यावयाची आणि गरिबांवर मोफत उपचार करावयाचे, अशी तेथील रीत होती. दूरदेशीच्या देणगीवर सर्वस्वी अवलंबून न राहता इस्पितळाचा बराचसा खर्च येथील रुग्णांच्या पैशातून चाले. संस्थानिक नि सावकार आनंदाने देणग्या देत. म्हणजे अँडरसन यांचा स्वावलंबनाचा सिद्धांत चर्चमध्ये जमला नाही तो इस्पितळात जमला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 1897 साली त्यांनी देशी तरुणांना वैद्यकी शिकविणारी शाळा सुरू केली, आणि त्याच सुमारास परिचारिकांचे शिक्षणही. आपल्या बोटांतील कसब आपल्याबरोबर जाऊ नये, ही त्यांची दृष्टी. तो काळ प्लेगाचा नि दुष्काळाचा होता. गावे ओस पडत होती, आणि प्रेताला खांदा द्यावयास माणूस मिळत नव्हता. परिचारिकेचे काम म्हणजे परक्याचा मळ, रक्त, पू. जातीने बांधलेल्या समाजात हे काम सन्मानाचे म्हणून कोणी करीत नसे. ते करणाऱ्या पहिल्या मुली बहुतांशी देशी ख्रिस्ती घरांतल्या होत्या; आणि त्यांतील अनेक घरे अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली होती. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानावयाचा त्यांच्याच लेकींच्या हातून पाणी प्यावयाचे, हे मिरजेच्या खाटांवर पडून अनेकांना करावे लागले. सुधारणेच्या किती व्याख्यानांनी हे साधले असते, याचा आपण व्याख्यानमालेतच विचार करावा हे बरे.

पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवास झाला, क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीचे आरोग्यधाम झाले. पहिली पत्नी मेरी 1906 साली निवर्तली. कोल्हापूरच्या स्त्रियांच्या इस्पितळाला तिचे नाव दिले गेले. 1928 साली सरकारने वानलेस यांना ‘सर’ ही पदवी दिली, आणि सुमारे एकोणचाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्याच साली ते निवृत्त झाले. 1933 साली कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. 1962 साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज गल्लोगल्ली रुग्णालये असलेले हे शहर दक्षिण महाराष्ट्राची आणि उत्तर कर्नाटकाची वैद्यकीय पेठ समजले जाते. या पेठेचा पहिला गाळा कोणी मांडला हे सांगण्याची गरज नाही.

वेंगुर्ल्यास याच मिशनचे सेंट लूक इस्पितळ होते. तेथील डॉ. गोहीन यांच्या घरी 15 ऑगस्ट 1919 रोजी मुलगा झाला. त्याचे नाव रॉबर्ट. हा मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. 1969 साली त्याच्याच कारकिर्दीत त्या विद्यापीठाने आपले पदवीचे वर्ग मुलींना खुले केले. आणि 1977 साली तो अमेरिकेचा राजदूत म्हणून आपल्या जन्मभूमीत आला. कोल्हापूर भागात मुलींच्या शाळा काढणाऱ्या मिशनच्या घरात वाढलेल्या मुलाने अमेरिकेतील एका जुन्या विद्यापीठाचे दार मुलींना उघडावे, यात कार्यकारणभाव शोधण्याचा आग्रह मी धरीत नाही. पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, एवढे मात्र त्यावरून सुचते.

आता जमाखर्च मांडू. मिशनऱ्यांचा हेतू हा देश ख्रिस्ती करण्याचा होता. तो हेतू त्यांनी लपविला नाही, म्हणून आपणही तो झाकू नये. त्या हेतूच्या मानाने ते अयशस्वी झाले. 2011 च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकाहूनही कमी भरली. परंतु हेतू फसला तरी कृती उरते. शाळा उरल्या, इस्पितळातून शिकलेले हात उरले, शुश्रूषेची प्रतिष्ठा उरली. आणि त्यांच्या हातातले जे घेण्यासारखे होते ते घेऊन त्याला आपला हेतू देणारे थोर पुरुष आपल्याकडे निघाले. जोतीरावांनी मुलींची शाळा घेतली. शाहू महाराजांनी 1901 सालापासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. 1902 साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे नि मोफत करण्याचा मार्ग धरला. हे काही त्यांना मिशनऱ्यांनी शिकविले असे नव्हे. पण शिक्षण वरच्या चार घरांपुरते ठेवावयाचे नसते, हे या भूमीत प्रत्यक्ष करून दाखविणाऱ्यांत मिशनच्या शाळा होत्या, आणि महाराजांनी तेच काम राजसत्तेच्या बळावर, कोणाचाही धर्म न पालटता, शतपट मोठे केले.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. वाइल्डर गेले, वानलेस गेले. परदेशी मिशनरी एकामागून एक परतले. 1970 साली येथील मंडळ्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. मागे राहिली ती कोल्हापूरची, कोडोलीची, सांगली-मिरजेची ख्रिस्ती माणसे. ती मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात, रेव्हरंड टिळकांची मराठी भजने टाळ-पेटीवर म्हणतात. त्यांची आडनावे आपल्या आडनावांसारखीच आहेत. मिशनऱ्यांविषयीचा आपला राग किंवा लोभ, दोन्ही आपण नकळत या शेजाऱ्यांवर उतरवितो. साहेबाचा धर्म म्हणून त्यांना परके समजतो. साहेब तर केव्हाच बोटीत बसून गेला. ज्यांनी इस्पितळात रात्री जागविल्या, ज्यांनी खेड्यातील शाळांवर तुटपुंज्या पगारात दिवस काढले, ज्यांची नावे कोणत्याही इमारतीवर नाहीत, ते येथले होते आणि येथेच राहिले. दीर्घ वास्तव्य हीच जर आपली फूटपट्टी, तर सर्वांत दीर्घ वास्तव्य त्यांचे आहे, पिढ्यान्पिढ्यांचे आहे.

तेव्हा मिशनऱ्यांचा इतिहास लिहावयाचा तर तो वाइल्डर आणि वानलेस यांच्या चरित्रांवर थांबवू नये. वैजनाथ पंडितांपासून मिरजेच्या पहिल्या परिचारिकांपर्यंत जी देशी माणसे त्या चरित्रांच्या समासात उभी आहेत, त्यांना पानावर आणावे. मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्या, शाळांचे हजेरीपट, कबरस्तानांतील शिळा, घरोघरच्या पेट्यांत पडलेली पत्रे अजून नाहीशी झालेली नाहीत. पण वाळवी आणि पाऊस कोणासाठी थांबत नाहीत. करवीरातील एखाद्या तरुण अभ्यासकाने हे काम अंगावर घेतले, तर आजचे हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.